दोन टोकांचे विमानतळ: अंतर किती, वेळ किती? तुमचे अनुभव लिहा

एका विमानतळापासून दुसरा किती लांब, हे शोधलं की आकडा लगेच मिळतो. चौदा हजार किलोमीटर, पंधरा हजार किलोमीटर. मग आपण त्याला ताशी नऊशेने भागतो, तास काढतो आणि त्या तासांवर पुढची गाडी, हॉटेल, औषधं, घ्यायला येणारा माणूस, सगळं बेतून मोकळे होतो. तो आकडा चुकीचा नसतो. पृथ्वीच्या गोलावरून दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग तेवढाच असतो. पण विमान त्याच रेषेवरून जाईल, आणि गेलंच तर वारा त्याला किती वेळात पोहोचू देईल, याबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही.

माझाच अनुभव आधी लिहिते. सिडनी ते जोहान्सबर्ग अंतर सुमारे 11,000 किलोमीटर. जाताना जवळजवळ चौदा तास लागले, येताना बारा. विमानाची जात तीच, मुक्काम कुठेच नाही. दक्षिण गोलार्धातल्या त्या पट्ट्यात मधे जमीन जवळपास नाहीच, त्यामुळे पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला अडवायलाही कोणी नाही. जाताना विमान दक्षिणेकडे चांगलाच बाक घेऊन गेलं. खिडकीतून खाली करड्या समुद्रावर पांढरे ठिपके दिसत होते. ते लाटांचा फेस असतील असं वाटलं, पण बराच वेळ पाहिलं तरी ते जागचे हलेनात, तेव्हा कळलं की तो तरंगता बर्फ आहे. आफ्रिकेला जाताना बर्फ दिसेल, असं नकाशा पाहून कोणाला वाटेल?

तुम्ही केलेला लांबचा प्रवास लिहा. अंतर, तिकिटावरचा वेळ, प्रत्यक्षातला वेळ, आणि फरक पडला असेल तर का पडला. प्रवास न करताही या विषयातलं ज्यांना कळतं त्यांनीही लिहावं.

*

पर्थ ते लंडन. लेकीच्या बाळंतपणासाठी गेले होते. 14,500 किलोमीटर, सतरा तासांच्या वर. ऑस्ट्रेलिया ते युरोप अशी विनाथांबा नियमित सेवा 2018 च्या मार्चमध्ये पहिल्यांदा सुरू झाली, त्याआधी कुठेतरी उतरावंच लागायचं.

मला सांगायचंय ते रात्रीबद्दल. पर्थहून संध्याकाळी निघालो आणि लंडनला पहाटे उतरलो. विमान पश्चिमेकडे जात होतं, म्हणजे रात्रीच्या मागे मागेच. थंडीचे दिवस होते, त्यामुळे लंडनलाही उजाडलेलं नव्हतं. सतरा तास सलग अंधार! झोपून उठले तरी रात्र, पुन्हा झोपून उठले तरी रात्रच. समोरच्या पडद्यावर नकाशात ते छोटं विमान, वेग, बाहेरचं तापमान उणे पन्नासच्या खाली, आणि पोहोचायला उरलेले तास. पहिले काही तास मी तो पडदा सारखा बघत होते. नंतर बंदच करून टाकला आणि दर दोन तासांनी उठून मागच्या मोकळ्या जागेत चालायचं, पाणी प्यायचं, एवढंच ठरवलं. पायांना सूज आली नाही. माझ्या वयाच्या बायकांना हेच सांगेन: किलोमीटर विसरा, तास धरा, आणि दर दोन तासांनी उठण्याची वेळ आधीच ठरवून ठेवा.

*

भूगोल शिकवते. दरवर्षी वर्गात एक प्रयोग करते, तोच लिहिते.

पृथ्वीचा गोल घ्यायचा. फिनलंडमधलं हेलसिंकी आणि अलास्कातलं अँकोरेज शोधायचे. दोन्ही साधारण 60 उत्तर अक्षांशावर आहेत. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुलं पट्टी ठेवतात आणि एकाच अक्षांशावरून सरळ आडवी रेघ मारतात. त्या रेघेवरून गेलं तर साधारण 9,600 किलोमीटर होतात. मग गोलावर दोन्ही टोकांना दोरा ताणून धरायला सांगते. दोरा आपोआप वर सरकतो आणि उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जातो. ते अंतर होतं साधारण 6,500. तीन हजार किलोमीटरचा फरक, आणि तो डोळ्यांसमोर, हातातल्या दोऱ्यात दिसतो. दोरा सरकतो तेव्हा वर्गात जो आवाज होतो त्यासाठी मी हा प्रयोग अजून सोडलेला नाही.

मर्केटरने 1569 मध्ये काढलेला नकाशा जहाजांसाठी होता. होकायंत्राची एक दिशा धरून चालत राहिलं तर ती त्यावर सरळ रेघ दिसते, हाच त्याचा उपयोग. त्यासाठी ध्रुवांकडचा भाग ताणावा लागला. म्हणून त्या नकाशावर विमानाचा जवळचा मार्ग वाकडा दिसतो आणि लांबचा सरळ दिसतो.

आणखी एक. पृथ्वीचा घेर सुमारे 40,000 किलोमीटर, म्हणजे कुठलेही दोन विमानतळ 20,000 किलोमीटरपेक्षा जास्त लांब असूच शकत नाहीत. स्पेनच्या बरोबर पायाखाली न्यूझीलंड येतं. माद्रिद आणि वेलिंग्टन ही जोडी जवळजवळ त्या मर्यादेला टेकते. अशा जोडीत कुठल्याही दिशेने निघालं तरी अंतर जवळपास सारखंच.

*

कदाचित बाळबोध वाटेल, पण पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोहोचायला हवं ना? ठिकाण स्वतःच त्याच्याकडे येतंय.

*

बाळबोध मुळीच नाही, दर वर्षी कोणीतरी हुशार मूल हेच विचारतं. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. जमिनीवर उभं असतानाही विमान पृथ्वीबरोबर फिरतच असतं, उडाल्यावर तो वेग कुठे जात नाही. म्हणून फिरण्याचा थेट फायदाही नाही, तोटाही नाही. पण पृथ्वीच्या फिरण्यामुळेच वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वळतात. म्हणजे परिणाम होतो तो वाऱ्यातून, आणि तुम्हाला वाटला त्याच्या बरोबर उलट: पूर्वेला जाणारं विमान लवकर पोहोचतं.

*

फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. विमान निघण्याआधी त्याचा मार्ग, उंची आणि इंधन ठरवणारी माणसं असतात, त्यांतला एक. हा धागा पाहून खरंच आनंद झाला, कारण आमचं काम बहुतेक प्रवाशांना माहीतच नसतं.

वाऱ्याचा हिशेब साधा आहे. लंडन–न्यूयॉर्क अंतर धरा 5,550 किलोमीटर. विमानाचा हवेतला वेग ताशी 900. वारा नसेल तर सहा तास दहा मिनिटं. आता पश्चिमेकडून ताशी 150 चा वारा आहे असं समजा. न्यूयॉर्ककडे जाताना जमिनीवरचा वेग उरतो 750, म्हणजे सात तास चोवीस मिनिटं. परत येताना 1,050, म्हणजे पाच तास सतरा मिनिटं. लोकांना वाटतं की जाण्या-येण्यात फिटंफाट होते. होत नाही. दोन्ही मिळून बारा तास एकेचाळीस मिनिटं होतात, वारा नसता तर बारा तास वीस मिनिटं झाली असती. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं आणि पाठच्या वाऱ्यातून लवकर बाहेर पडतं, म्हणून नुकसान नेहमी फायद्यापेक्षा मोठं.

साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या या वेगवान पट्ट्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून तो मोजला होता. हिवाळ्यात तो जास्त जोरकस असतो. फेब्रुवारी 2020 मध्ये, कियारा वादळाच्या वेळी, न्यूयॉर्कहून लंडनला एक 747 पाच तासांच्या आत पोहोचलं: चार तास छप्पन्न मिनिटं. जमिनीवरचा वेग ताशी 1,300 किलोमीटरच्या पुढे गेला होता. आवाजाची भिंत, म्हणजे आवाजाच्या वेगाची मर्यादा, त्याने ओलांडली नव्हती, कारण भोवतालची हवाच त्याच्याबरोबर धावत होती.

म्हणून आम्ही जवळचा मार्ग शोधत नाही, कमी वेळाचा आणि कमी इंधनाचा शोधतो. अटलांटिकवर तर वाऱ्याप्रमाणे समांतर मार्गांचा संच रोज नव्याने आखला जातो, युरोपकडे येणाऱ्यांसाठी वेगळा आणि अमेरिकेकडे जाणाऱ्यांसाठी वेगळा. काल ज्या वाटेने गेलात ती वाट आज तिथे असेलच असं नाही.

या सगळ्यात मला सर्वांत आवडणारं उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं. गोलावरचं जवळचं अंतर साधारण 12,400 किलोमीटर. आधी विमान अटलांटिकवरून जायचं, तो रस्ता सुमारे 13,900 किलोमीटरचा. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने पॅसिफिकवरून जायला सुरुवात केली. तो रस्ता 15,300 चा, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. आणि वेळ? सुमारे दोन तास कमी, साडेचौदा तासांत पोहोचलं! कारण आता जातानाही वारा पाठीशी आणि येताना अटलांटिकवरून आलं की तेव्हाही पाठीशी. जाताना पूर्वेला, येतानाही पूर्वेलाच. जाऊन-येऊन प्रवाशाची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण. ज्या कोणाच्या डोक्यात हे पहिल्यांदा आलं असेल त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

इंधनाबद्दल थोडं. लांबच्या उड्डाणात पहिल्या तासांमध्ये जळणाऱ्या इंधनातलं बरंचसं पुढचं इंधन वाहून नेण्यासाठीच जळतं. म्हणून अंतर वाढलं की माणसं आणि सामान कमी करावं लागतं. सिंगापूर–न्यूयॉर्कला जाणाऱ्या खास ए350 मध्ये फक्त 161 आसनं ठेवली आहेत, साध्या वर्गाचं एकही नाही. एवढ्या मोठ्या विमानात इतकी मोकळी जागा का, असं विचारणाऱ्यांना उत्तर हेच.

*

वरचा प्रतिसाद वाचून सिंगापूर–न्यूयॉर्कचं लिहितो. अंतर 15,300 किलोमीटरच्या आसपास, वेळ साडेअठरा तासांच्या पुढेमागे. मला मधुमेह आहे, दोन प्रकारचं इन्सुलिन घ्यावं लागतं.

सिंगापूरहून रात्री उशिरा निघतो, तिथे दुसऱ्या दिवशी पहाटे उतरतो. दोन्ही ठिकाणची घड्याळं पाहिली तर मधे जेमतेम सहा तास गेलेले दिसतात. शरीरातून मात्र अठरा तास गेलेले असतात. रोज ठरावीक वेळी घ्यायचं इन्सुलिन कुठल्या घड्याळाप्रमाणे घ्यायचं, हा प्रश्न माझ्यासाठी किलोमीटरपेक्षा फार मोठा आहे.

डॉक्टरांकडे जाताना मी नुसतं तिकीट नेलं नाही. कागदावर तीन ओळी लिहून नेल्या: निघण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, आणि मधे प्रत्यक्ष जाणारे तास. त्यांनी आधी तिसऱ्या ओळीवरच बोट ठेवलं आणि त्यावरून डोसांचं वेळापत्रक करून दिलं. विमानात एक मनगटी घड्याळ निघालेल्या ठिकाणच्या वेळेवरच ठेवतो, उतरल्यावर दुसऱ्या दिवशी बदलतो. औषध हातातल्या बॅगेत, खाली सामानात कधीच नाही, तिथे ते गोठू शकतं. पूर्वेला गेलं की दिवस आखडतो, पश्चिमेला गेलं की लांबतो, त्यामुळे परतीचं वेळापत्रक वेगळं करून घ्यावं लागतं. जाण्याचंच उलटं करून चालत नाही. आणि प्रत्येकाचं औषध वेगळं, म्हणून माझं वेळापत्रक इथे मुद्दाम देत नाही.

आणखी एक गोष्ट. न्यूयॉर्कची घड्याळं मार्चमध्ये एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरमध्ये मागे येतात, सिंगापूरची कधीच बदलत नाहीत. म्हणजे दोन शहरांमधला फरक कधी बारा तास, कधी तेरा. मागच्या वेळचा हिशेब जपून ठेवला असेल तर महिना बघून मगच वापरा.

*

हेलसिंकी–टोकियो. जवळचं अंतर 7,800 किलोमीटर. पूर्वी सायबेरियावरून साडेनऊ तासांत पोहोचायचो. फेब्रुवारी 2022 नंतर रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांचा झाला. जाताना विमान सरळ वर उत्तर ध्रुवाकडे निघालं, पलीकडे अलास्काच्या बाजूने उतरत पॅसिफिकवरून जपानला आलं.

गंमत अशी की हे अगदी जुन्या वाटेवर परतणं होतं. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आकाश बंद असायचं, तेव्हा युरोपहून जपानला जाणारी विमानं ध्रुवाकडून अँकोरेजला जायची, तिथे इंधन भरायची आणि मग पुढे. ही वाट 1957 मध्ये सुरू झाली. त्यामुळे माझ्या आधीच्या पिढीतल्या सहकाऱ्यांना अँकोरेजचा विमानतळ तोंडपाठ होता, आणि मला तो फक्त नावाने माहीत होता.

ध्रुवाजवळून जाताना वैमानिकाने सांगितलं तेव्हा सगळे जागे होऊन खिडक्यांशी गेले. खाली सपाट, फिकट निळसर बर्फ आणि त्यात काळ्या भेगा. साडेतीन तास जास्त लागले याची चिडचिड होती, ती तेवढा वेळ तरी पार विसरलो. पण कामासाठी वारंवार जाणाऱ्यांचं सांगतो, हे साडेतीन तास अंगावर येतात. शहरं जागची हलली नाहीत, शोधलं तर अंतर अजूनही 7,800 च दाखवतं.

*

वडिलांना व्हीलचेअरवरून नेलं होतं, म्हणून वेळेच्या दुसऱ्या बाजूबद्दल लिहिते.

तिकिटावर छापलेली वेळ ही आकाशातली वेळ नसते. विमान टर्मिनलच्या दारापासून मागे ढकललं जातं तिथून ती सुरू होते आणि पोहोचल्यावर चाकांना ठोकळे लागतात तिथे संपते. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, उतरल्यावर दारापर्यंत येणं, सगळं त्यातच. ॲम्स्टरडॅमला पोल्डरबान नावाची धावपट्टी टर्मिनलपासून इतकी दूर आहे की उतरल्यावर पंधरा मिनिटं तरी विमान नुसतं चालत राहतं, वाटेत मोटाररस्त्यावरचा पूलही ओलांडतं. आमचं विमान तिथेच उतरलं. बाबा विचारत होते, "पोहोचलो ना? मग थांबत का नाही?"

आणि ठोकळे लागले म्हणजे आपण बाहेर पडलो असंही नाही. व्हीलचेअरच्या प्रवाशांना बहुतेक वेळा शेवटी उतरवतात. सगळं विमान रिकामं झालं, सफाईवाले आत आले, तरी आम्ही आपल्या जागेवरच. खुर्ची आली तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. पुढच्या विमानाला मधे तीन तास ठेवले होते म्हणून निभावलं. तिकीट काढताना जी कमीत कमी मुदत दाखवतात ती धडधाकट, वाट माहीत असलेल्या माणसाची. वयस्कर माणूस बरोबर असेल तर ती दुप्पट धरा. मधल्या ठिकाणी सामान पुन्हा ताब्यात घ्यावं लागणार असेल तर त्याहून जास्त. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यावर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही. एकाच तिकिटावर सगळे टप्पे असणं, वडीलधाऱ्यांसाठी तरी, मी आग्रहाने सांगेन.

*

पर्थवाल्या ताईंसाठी एक जुनी गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात 1943 ते 1945 या काळात पर्थहून श्रीलंकेला कॅटलिना जातीची पाण्यावर उतरणारी विमानं जायची. अंतर साडेपाच हजार किलोमीटरच्या वर, वेळ सत्तावीस ते बत्तीस तास, सलग. शत्रूच्या भीतीने रेडिओ बंद, ताऱ्यांवरून दिशा काढायची. इंधनच इतकं भरलेलं की प्रवासी जास्तीत जास्त तीन. एका उड्डाणात दोनदा सूर्योदय दिसायचा, आणि पोहोचलेल्या प्रवाशाला तसं प्रमाणपत्र मिळायचं. आजच्या जेटला ते अंतर सहा-सात तासांचं.

*

टोकियो–होनोलुलू, 6,100 किलोमीटरच्या थोडं वर. रात्री निघालो आणि त्याच तारखेच्या सकाळी पोहोचलो, म्हणजे निघण्याच्या बारा तास आधी! मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा. प्रत्यक्ष प्रवास सात तासांचा. येताना साडेआठ तास, आणि एक तारीख गायब. हॉटेल घेताना त्रास होतो तो इथे. जाताना ज्या रात्री निघतो ती रात्र तिथे पुन्हा येते, म्हणून खोली त्याच तारखेची घ्यायची. आमच्याबरोबरच्या एका कुटुंबाला बुकिंग करून देणाऱ्याने दुसऱ्या दिवसाची दिली होती, दोन लहान मुलांना घेऊन ते बिचारे लॉबीत बसले होते. तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेपुढे +1 असतं तसं काही नसेल, तर मुद्दाम तारीख वाचा.

*

निवृत्त डिस्पॅचर काकांना एक विचारायचं होतं. जानेवारीत जोहान्सबर्गहून सिडनीला जायचंय आणि पुढे दीड तासात दुसरं विमान आहे. पूर्वेला जाताना वारा पाठीशी असतो म्हणताय, तर लवकर पोहोचेन असं धरू का?

*

धरू नका. तिकिटावर जे बारा तास दिसतात त्यात पाठचा वारा आधीच मोजलेला असतो, वेळापत्रक त्या ऋतूतला सरासरी वारा पाहूनच करतात. शिवाय जानेवारी म्हणजे दक्षिण गोलार्धातला उन्हाळा, तिथला वारा जुलैइतका जोरकस नसतो. वीस-पंचवीस मिनिटं आधी पोहोचलात तरी दार रिकामं नसलं तर विमान बाहेरच उभं राहतं. सिडनीला परदेशातून आल्यावर देशांतर्गत विमानासाठी टर्मिनलही बदलावं लागतं, मधे इमिग्रेशन आणि कस्टम्स. पुढचं विमान तीन तासांनंतरचं मिळत असेल तर आजच बदलून घ्या.